संथ लॅपटॉप आणि ‘विंडोज ११ टाका’चा सल्ला : महालातल्या टायपिंगच्या कामाचं एक प्रकरण

तुळशीची लग्नं आटोपली आणि त्याच आठवड्यात नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. काकूंचं घरूनच टायपिंग आणि डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं मांडून देण्याचं, काम चालतं. लग्नपत्रिका, कोर्टात लावायची प्रतिज्ञापत्रं, विद्यापीठातल्या पोरापोरींचे प्रबंध. आणि डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरलं की निवेदनं टाइप करून घेणाऱ्यांची रांग. तुळशीचं लग्न झालं म्हणजे पत्रिकांचा हंगाम उघडला. काकूंच्या हातात तेव्हा अकरा पत्रिकांचं काम होतं आणि लॅपटॉप सकाळी चालू केला तर त्यांची पूजा आटोपेपर्यंत जागा होत नव्हता.

“भाऊ, सगळे म्हणून राहिले का हा आता मेला,” काकू म्हणाल्या. “विंडोज दहा बंद झालं म्हणते, म्हणून हळू चालून राहिला म्हणते. तुम्ही पाहा जी एकदा.”

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण काकूंच्या या एका वाक्यात आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. त्याच्या आगेमागे महिनाभर दुकानात येणाऱ्या माणसांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असायचे. माझा लॅपटॉप संथ का झाला, हा एक. विंडोज १० चं आता काय करायचं, हा दुसरा. दोन्ही खरे आहेत, दोन्हींना उत्तर लागतं, पण एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पेशंट दगावतो. काकूंचा लॅपटॉप दगावता दगावता वाचला.

सल्ले त्यांच्याकडे आधीच जमा झाले होते. पुण्याच्या जावयांनी फोनवर सांगितलं होतं, विंडोज ११ टाकून घ्या, सगळं सुरळीत होईल. बर्डीवरच्या एका दुकानात सांगितलं होतं, एवढ्या जुन्या मशीनवर पैसा घालू नका, नवा घ्या, ४२ हजारांत मिळतो. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं तर कामच सुरू करून टाकलं होतं. विंडोज ११ ची तपासणी या मशीनला नाही म्हणत होती, म्हणून त्यानं ती तपासणी वगळलेला पेनड्राइव्ह तयार केला आणि रात्री अपग्रेड लावून तो झोपला. पहाटे पाहिलं तर पडद्यावर ६१ टक्के. आणखी चार तासांनीही ६१ टक्केच. शेवटी त्यानं बटण दाबून धरलं. नशीब चांगलं, विंडोज आपणहून मागे फिरलं आणि जुनं दहा परत उभं राहिलं. त्यानंतर मात्र लॅपटॉप आधीपेक्षाही जड झाला होता. पोराचा हेतू वाईट नव्हता. मावशीचं काम अडलंय हे पाहून त्यानं रात्र घालवली होती. त्यानं फक्त डिस्ककडे पाहिलं नव्हतं.

मशीन काय होतं

२०१७ च्या सुमाराचा लॅपटॉप. प्रोसेसर इंटेल आय३-६००६यू, म्हणजे सहाव्या पिढीचा, दोन कोअरचा, २ गिगाहर्ट्झवर चालणारा, वर उडी मारण्याची सोय नसलेला. रॅम ४ जीबी, बोर्डावरच झाळलेली, आणि शेजारी एक स्लॉट रिकामा. हार्ड डिस्क ५०० जीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, २२एच२. कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरं घासून पार गेलेली, कारण काकूंची बोटं टाइपरायटरवर तयार झालेली आहेत. त्या कीबोर्डकडे पाहत नाहीत.

दुकानात मी आधी काहीही न बदलता घड्याळ लावलं. बटण दाबल्यापासून काम करता येईपर्यंत ७ मिनिटं १० सेकंद. एका लग्नपत्रिकेची कोरलड्रॉची (पत्रिका मांडायच्या सॉफ्टवेअरची) फाईल उघडायला २ मिनिटं ४० सेकंद. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे कोण किती राबतंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, डिस्क १०० टक्के व्यस्त, आणि ती खाली यायचं नावच घेईना. हे पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत दिसतं, त्यामुळे तेवढ्यावरून निदान करू नये. त्याच खिडकीत खाली एक आकडा असतो, डिस्कला उत्तर द्यायला सरासरी किती वेळ लागतो तो. धडधाकट फिरती डिस्क कामात असताना दहा-वीस-तीस मिलिसेकंदांत उत्तर देते. इथे तो आकडा २,००० च्या वर जात होता आणि एकदा तर ४,००० ला टेकला. चार सेकंद. एका वाचनाला.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तिथे निघाला. डिस्कच्या नावानं दोन प्रकारच्या नोंदी ओळीनं पडल्या होत्या. क्रमांक ७, म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली. आणि क्रमांक १५३, म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. पहिली नोंद जुलैतली होती. विंडोज १० ची मुदत संपायच्या तीन महिने आधी डिस्क ओरडायला लागली होती आणि ते कुणी ऐकलं नव्हतं. भाच्याच्या अपग्रेडच्या रात्री तर अशा शेकडो नोंदी होत्या.

डिस्क आपली तब्येत स्वतः नोंदवून ठेवते. ती वही क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या प्रोग्रॅमनं वाचली. पिवळा रंग, सावधानतेचा. जागा बदलून दिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक तुकडे, ९६, आणि धड वाचता न आल्यामुळे लटकून राहिलेले सेक्टर १८४. दुसरा आकडा मला जास्त घाबरवतो. पहिल्यात डिस्कनं नुकसान झाकून घेतलेलं असतं. दुसऱ्यात त्या जागेवर तुमची फाईल आहे आणि ती हाताला लागत नाहीये.

यामुळे लॅपटॉप संथ कसा होतो ते काकूंना सांगितलं ते असं. इतवारीच्या किराणा ओळीत एका हातठेल्याचं चाक गटारात अडकलं तर मागची अख्खी ओळ थांबते, मागच्यांच्या गाड्या कितीही धड असोत. डिस्कचं तसंच. तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. कमकुवत जागा वाचता आली नाही की ती पुढच्या फेऱ्याला पुन्हा पाहते, पुन्हा पुन्हा पाहते, आणि हे सेकंदांवर जातं. तेवढा वेळ विंडोज, कोरल, व्हॉट्सॲप, सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे असतात. त्यात रॅम ४ जीबी. रॅम भरली की विंडोज जास्तीचा पसारा डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये टाकतं आणि लागेल तसा परत मागतं. म्हणजे ज्या डिस्कला स्वतःचं काम झेपत नाहीये, तिच्याच डोक्यावर रॅमचंही ओझं.

दोन वर्षांपूर्वीचं माझं फॉरमॅट

हाच लॅपटॉप २०२३ च्या दिवाळीत माझ्याकडे येऊन गेला होता. तक्रार तीच, हळू चालतो. मी तेव्हा काकूंचा डेटा बाजूला काढला, फॉरमॅट मारून विंडोज १० नव्यानं टाकलं आणि परत दिला. लॅपटॉप छान पळायला लागला. काकू खूश, मीही खूश. तीन-चार महिन्यांत तो पुन्हा जड व्हायला लागला, पण काकूंना वाटलं आता वय झालं.

तेव्हा मी डिस्कची वही उघडलीच नव्हती. त्या वेळी तिथे काही दिसलं असतं की नाही हे आता सांगता येणार नाही, पण पाहायला हवं होतं, आणि ती चूक माझी आहे. फॉरमॅटनंतर मशीन पळतं याला कारणं आहेत. नवं विंडोज डिस्कवर सलग लिहिलं जातं, चालू होताना उठून बसणारे प्रोग्रॅम गेलेले असतात, पसारा शून्य असतो. फिरत्या डिस्कला हे सगळं मानवतं. पण दुखणं डिस्कच्या आत असेल तर फॉरमॅट ते काही काळ लपवतं आणि नेमके ते महिने निघून जातात ज्यांत शांतपणे डेटा काढून घेता आला असता. विंडोज ११ चं अपग्रेडही या बाबतीत फॉरमॅटचाच मोठा भाऊ आहे. त्यात भर म्हणजे ते होताना डिस्कवर कित्येक जीबी लिहिलं-वाचलं जातं, तेही मशीन मध्येमध्ये बंद-चालू होत. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला यापेक्षा वाईट रात्र दुसरी नाही.

आधी पत्रिका वाचवायच्या

काकूंना विचारलं, बॅकअप कुठे आहे? त्या म्हणाल्या, “आहे ना जी, डी ड्राइव्हमध्ये ठेवते मी सगळं.” सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी दर आठवड्याला हे उत्तर ऐकतो.

इथे बरेच लोक पहिलं काम करतात ते चेकडिस्क चालवण्याचं. खराब जागा शोधायच्या पर्यायासकट. ते मी करत नाही, आणि कुणी करू नये असं मनापासून वाटतं. चेकडिस्क फाईलव्यवस्था सरळ करायला आहे. तो तुमचा डेटा वाचवायला बसलेला नाही. अडलेल्या जागेवर तो डिस्कला रेटत राहतो, आणि जे तुकडे त्याला जुळत नाहीत ते कापून टाकतो. आधी नक्कल, मग नकलेवर चेकडिस्क, हा क्रम उलटा करू नये.

लॅपटॉप बंद केला, डिस्क बाहेर काढली आणि माझ्या टेबलावरच्या लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीच्या) मशीनला जोडली. डीडीरेस्क्यू नावाचं एक फुकट साधन आहे. ते डिस्कशी समजुतीनं वागतं. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलेली जागा दिसली की तिथे न झगडता पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं त्याचा नकाशा लिहून ठेवतं. मग उरलेल्या जागांवर हळूहळू, लहान तुकड्यांनी परत येतं. डिस्क मध्येच बंद पडली तरी नकाशावरून पुढचं काम सुरू करता येतं.

नवा एसएसडी, म्हणजे आत फिरणारं काही नसलेली डिस्क, घेताना एक बारीक गोष्ट पाहिली. बाजारात ४८० जीबीचा मिळतो आणि ५१२ चाही. जुनी डिस्क ५०० ची. ४८० घेतला असता तर जशीच्या तशी नक्कल त्यात बसली नसती, आधी कप्पे आकसावे लागले असते, आणि आजारी डिस्कवर कप्पे आकसायचे म्हणजे पुन्हा तिला राबवायचं. ५१२ घेतला.

पहिली फेरी तीन तासांत झाली. ५०० जीबीपैकी फक्त ३ एमबीच्या आसपास राहिलं होतं. उरलेल्यासाठी रात्रभर चालू ठेवलं. डिस्क मधूनमधून टिक, टिक, टिक करून गप्प व्हायची, मग परत फिरायची. सकाळी न वाचता आलेला भाग २१२ केबीवर आला होता. दिवसभर ठेवला असता तर आणखी थोडं निघालं असतं, पण मी थांबलो.

२१२ केबी ऐकायला किरकोळ वाटतं. नकाशावरून ते कुठल्या फाईलींत पडतात हे शोधलं. बहुतेक भाग पेजफाईलमध्ये आणि भाच्याच्या अर्धवट अपग्रेडच्या उरलेल्या पसाऱ्यात होता, त्याचं दुःख नाही. एक घरगुती फोटो. आणि एक फॉन्टची फाईल.

ही फॉन्टची फाईल म्हणजे काय ते डीटीपीवाल्यांनाच कळेल. युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःची जागा देणारी पद्धत. तिच्या आधीच्या मराठी फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फाईलीत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. एसएसडीवरून लॅपटॉप उठवला, काकूंना बोलावलं, त्यांनी हातातली पत्रिका उघडली. बाकी मजकूर ठीक. फक्त सगळ्यात वर, मधोमध, जिथे ‘श्री गणेशाय नमः’ असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि कंस यांची एक ओळ. काकूंनी पडद्याला बोट लावलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या अकराच्या अकरा पत्रिकांचं डोकं याच फॉन्टमध्ये होतं आणि त्याची सीडी कधीच हरवली होती.

मग डी ड्राइव्हमध्ये ‘जुने’ नावाच्या फोल्डरात शोधलं. काका होते तेव्हा त्यांनी आधीच्या कॉम्प्युटरवरचे सगळे फॉन्ट तिथे उतरवून ठेवले होते. त्यात ही फाईल होती, धड. ती बसवली, पत्रिका परत उघडली आणि गणपती जागेवर आले.

फोटो अर्धाच निघाला. वरचे चेहरे दिसतात, खाली नुसती राखाडी पट्टी. तो तसाच ठेवला आहे.

दुसरा दोष, जो पहिल्यामागे दडला होता

नकलेवर चेकडिस्क चालवला, विंडोजच्या फाईली एसएफसी आणि डिझम या विंडोजच्याच साधनांनी दुरुस्त करून घेतल्या. मग पुन्हा घड्याळ. चालू व्हायला ४१ सेकंद. पत्रिका उघडायला १४. फिरत्या डिस्कवर इकडेतिकडे पसरलेलं वाचन सेकंदाला शंभराच्या आतच होतं. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, तिथे तोच हिशोब हजारांत जातो. त्यामुळे हा फरक अपेक्षित होता.

इथे काम संपलं असं समजून लॅपटॉप देऊन टाकता आला असता. पण मी माझी ठरलेली चाचणी केली, अर्धा तास सलग राबवायची. विसाव्या मिनिटाला तो पुन्हा अडखळायला लागला. डिस्क शांत, रॅमही भरलेली नाही, पण प्रोसेसरचं तापमान ९७ अंश आणि त्याची गती २ गिगाहर्ट्झवरून १ च्या खाली. हा प्रोसेसर १०० अंशांची हद्द गाठायला आला की स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो. काकूंना मी नंतर विचारलं, दुपारी जास्त हळू चालायचा का? त्या म्हणाल्या, “हो, बरोबर. मले वाटे उन्हामुळे मीच थकली.”

मागचं झाकण उघडलं. पंख्याची हवा जिथून बाहेर पडते तिथे तांब्याच्या नळीच्या टोकाला बारीक जाळी असते. त्या जाळीच्या आतल्या बाजूला नमद्यासारखा एक थर बसला होता, चिमट्यानं धरून अखंड पट्टी उचलता आली इतका घट्ट. उजेडात धरला तर त्यात धूळ, सूत, आणि कूलरच्या ताटीच्या गवताची बारीक पिवळी कुसं. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा कूलरशिवाय घरात बसवत नाही, आणि काकूंचं टेबल कूलरच्या थेट तोंडासमोर आहे. ओली हवा, त्यात धूळ आणि कुसं, तीन-चार उन्हाळे. कोरडी धूळ फुंकरीनं निघते. ही चिकटून वाळलेली होती. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी झाली होती. जाळी साफ केली, पंखा धुतला नाही, ब्रशनं पुसला, नवी पेस्ट लावली. त्याच चाचणीत तापमान ७१ वर थांबलं आणि गती २ वरून हलली नाही.

रॅम शेवटी टाकली, ८ जीबीची पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये, एकूण १२. चालू होण्याच्या वेळेत जवळपास काहीच फरक पडला नाही, ३९ सेकंद. पण कोरल, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप एकदम उघडे ठेवून एकातून दुसऱ्यात जाताना पाच-सहा सेकंदांचा जो अडथळा यायचा तो गेला. एकेक भाग बदलून प्रत्येक वेळी मोजलं म्हणून हे सांगता येतं की कुठल्या पैशाचं काय मिळालं. सगळं एकदम बदललं असतं तर लॅपटॉप तेवढाच पळाला असता, पण दोष डिस्कमध्ये किती, उष्णतेत किती, रॅममध्ये किती, हे कळलंच नसतं.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू होते, त्यातला एक काढला. ‘पीसी वेगवान करा’ म्हणणारं एक सॉफ्टवेअर होतं, तेही काढलं. अपग्रेडचा पसारा विंडोजच्या डिस्क क्लीनअपनंच गेला.

आता विंडोजचा प्रश्न

लॅपटॉप विंडोज १० वरच पळायला लागला. १४ ऑक्टोबर उलटून महिना होत आला होता. म्हणजे मुदत संपल्यानं लॅपटॉप संथ होतो ही समजूत इथेच निकालात निघाली. त्या दिवशी कुणाच्याही मशीनमध्ये काही बिघडलं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबलं. पण म्हणून हा प्रश्न सोडून द्यायचा का? मुळीच नाही. काकूंच्या लॅपटॉपमध्ये लोकांच्या प्रतिज्ञापत्रांचा मजकूर असतो, पत्ते, नंबर, घरातली भांडणं. दर दुसरं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह लावतं. अशा मशीनला दुरुस्त्यांशिवाय ठेवणं मला पटत नाही.

भाच्याला मी दुकानात बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर हिशोब मांडला. एसएसडी आणि १२ जीबी रॅमवर विंडोज ११ चाललं असतं का? चाललं असतं, बऱ्यापैकी. मग का टाकू नये? विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधला सुरक्षेचा भाग), सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि यादीतला प्रोसेसर लागतो, आणि इंटेलची ती यादी मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. हा सहाव्या पिढीचा. तपासणी वगळून टाकलेल्या मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा अशीच हातानं, तपासणी चुकवून टाकावी लागते. म्हणजे दरवर्षी कुणीतरी भाचा लागणार. शिवाय काकूंचं फॉन्टचं एक सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालतं, त्याचा ड्रायव्हर जुना आहे, आणि पत्रिकांच्या हंगामात तो प्रयोग करायची जागा नाही.

त्याउलट विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळवायची सोय घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनंच ठेवली आहे. २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करायला हवं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा एकदाचे ३० डॉलर. काकूंचं खातं नव्हतं. ते उघडायला आणि पासवर्ड वहीत लिहून घ्यायला अर्धा तास गेला. मग अपडेटच्या पानावरून नोंदणी दोन मिनिटांत झाली.

लिनक्सचा विचारही केला, कारण ज्या साधनानं त्यांच्या पत्रिका वाचल्या ते तिथलंच. युनिकोड टायपिंग आणि ब्राउझर एवढंच काम असतं तर मी लिनक्सचं मिंट टाकून दिलं असतं. कोरल आणि डोंगल असेपर्यंत ते जमत नाही.

याच आठवड्यात धरमपेठेतला एक लॅपटॉप आला होता, आठव्या पिढीचा, तक्रार हुबेहूब हीच. तिथेही फिरती डिस्क, पण तब्येत ठीक. एसएसडी टाकला, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम बंद होतं ते चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी विंडोज ११ टाकलं, फुकटात, अधिकृत वाटेनं. म्हणजे मी अकराच्या विरोधात नाही. क्रम तेवढा पाळतो.

काकूंचा खर्च असा झाला : एसएसडी ३,६०० रुपये, रॅम २,९०० (रॅमचे भाव त्या दिवसांत वर चालले होते, उन्हाळ्यात तीच पट्टी स्वस्त होती), सफाई, पेस्ट, डेटा आणि मजुरी मिळून १,२००. एकूण ७,७००. नवा लॅपटॉप कधीच नको असं मी त्यांना सांगितलं नाही. ऑक्टोबर २०२६ च्या आधी तो घ्यावा लागेल, आणि तोपर्यंत जुन्या फॉन्टांतलं काम थोडं थोडं युनिकोडमध्ये आणायला लागा, हेही सांगितलं. घाईत, हंगामाच्या तोंडावर, अर्धमेल्या डिस्कवरून डेटा ओढत नवा घेणं आणि वर्षभरात ठरवून घेणं यांत पैशापेक्षा जास्त फरक आहे.

जुनी डिस्क मी त्यांना पाकिटात घालून परत दिली, वर तारीख लिहून आणि ‘लावू नये’ असं लिहून. बॅकअपसाठी बाहेरची एक डिस्क त्यांनी घेतली. दर शनिवारी ‘काम’ आणि ‘जुने’ हे दोन फोल्डर तिच्यावर उतरवायचे, मग डिस्क काढून कपाटात. पहिल्या शनिवारी भाच्यानं करून दाखवलं, नंतर काकू स्वतः करतात.

डिसेंबरात निवेदनांची गर्दी ओसरल्यावर त्या लॅपटॉप घेऊन आल्या, मी बोलावलं होतं म्हणून. अपडेटच्या इतिहासात डिसेंबरची सुरक्षा दुरुस्ती आलेली दिसली. एसएसडीच्या वहीत सगळं निळं, म्हणजे ठीक. तापमान ६९. टेबल कूलरच्या तोंडासमोरून बाजूच्या भिंतीला सरकवायचं कबूल केलंय. होळीच्या सुमाराला, कूलर लागायच्या आधी, मागचं झाकण पुन्हा एकदा उघडायचं ठरलं आहे.